रात्र थोडी, सोंगे फार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी मजुरीवर, बोनसवर किंवा संपावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ती रास्तच होती. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि मजुरांच्या ओसरीवर. असा मनुष्य मुखवट्यांच्या खेळावर बोलतो म्हणजे ज्याचे काम त्याने करावे हा नियम मोडतो, असे कोणास वाटले तर त्यास मी दोष देणार नाही. पण या खेळाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती चूक मजुरीच्याच हिशेबातली होती, म्हणून तिचा इतिहास मजुरांच्या कार्यकर्त्यानेच सांगितलेला बरा.

आपल्या शहरी बोलीत ‘सोंग’ हा शब्द निंदेचा आहे. ‘सोंगे करू नकोस’ असे आपण मुलास दटावतो. ‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही’ असे सावकाराच्या दारात म्हणतो. पण धुळ्याहून साक्री आणि साक्रीहून पिंपळनेर ओलांडून पश्चिमेच्या डोंगरात गेलात की हाच शब्द मानाचा होतो. तिथे ‘आमच्या घरी नरसिंहाचे सोंग आहे’ असे मनुष्य अभिमानाने सांगतो. जसे आपल्याकडे कोणी ‘आमच्या घरी पाटीलकी होती’ असे सांगतो तसे. या भागात हा खेळ भोवाडा किंवा भवाडा या नावाने ओळखला जातो. नाशिक जिल्ह्यातील पेठ-सुरगाणा, पालघरमधील जव्हार-मोखाडा आणि गुजरातेतील डांग असा हा एकच डोंगरी पट्टा आहे. जव्हारकडे त्याला बोहाडा म्हणतात. नाव बदलते, चाल बदलते; रात्रीचा आराखडा मात्र ओळखू येण्याइतका सारखा राहतो.

तो आराखडा असा. फाल्गुन ते वैशाख या दिवसांत, शेतीची कामे उरकलेली असताना, गाव भोवाड्याच्या रात्री ठरवतो. कोठे तीन, कोठे पाच, कोठे सात. देवीच्या ठाण्यापुढे किंवा गावातील मोकळ्या जागेत रिंगण होते. संबळ वाजू लागतो, पिपाणी सूर धरते आणि पहिले सोंग येते ते गणपतीचे. त्यामागून मोरावर बसलेली शारदा. मग रात्र चढेल तसे मारुती, खंडेराव, भीम, रावण, त्राटिका, वेताळ असे एकामागून एक येतात. नरसिंह खांब फोडून बाहेर येतो. स्त्रियांची सोंगेही पुरुषच घेतात. प्रत्येक सोंगाचा ताल निराळा, पावले निराळी. शेवटच्या पहाटे देवी येते, महिषासुराशी तिचे युद्ध होते, आणि उजाडता उजाडता सारे गाव तिच्या पाया पडते. ‘रात्र थोडी, सोंगे फार’ ही म्हण आपण कचेरीतल्या कामांविषयी वापरतो. तिचे मूळ अशाच कोण्या रिंगणात असले पाहिजे. सोंगांची रांग अजून उभी आहे आणि पूर्वेकडे तर फटफटू लागले आहे, ही चिंता ज्याने अनुभवली त्यानेच ती म्हण केली असणार.

हा केवळ रानातला, बाकीच्या महाराष्ट्राशी संबंध नसलेला प्रकार आहे, असा समज करून घेऊ नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीता स्वयंवर’ केले आणि तेथून आपण मराठी नाटकाची गणना करतो. त्या जुन्या नाटकांचा आरंभ कसा होई? आधी सूत्रधार, मग गणपती, मग मोरावर बसून सरस्वती. हा क्रम आणि भोवाड्याचा क्रम एकच आहे. कोणी कोणाकडून घेतला हा वाद मी विद्वानांवर सोडतो. दोघेही एकाच जुन्या रीतीचे वारस आहेत एवढे त्यावरून दिसते. भावे कळसूत्री बाहुल्या करण्यातही निपुण होते. त्यांच्या लाकडी बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. ‘सूत्रधार’ म्हणजे दोरी धरणारा. हा शब्द बाहुल्यांच्या खेळातून नाटकात आला असावा असे मत शंकर पांडुरंग पंडितांनी मांडले आणि जर्मन पंडित पिशेल यांनी १९०० साली त्याचा मोठा पुरस्कार केला. सर्वांना ते मान्य नाही. तरी बाहुली, मुखवटा आणि नट ही एकाच घराची माणसे आहेत, हे मानण्यास हरकत नसावी.

आता मुखवटा होतो कसा ते पाहू, कारण माझ्या विषयाचे मर्म तिथे आहे. जुने मुखवटे लाकडाचे. सावर, पांगारा, उंबर अशी हलकी लाकडे त्यासाठी निवडतात, कारण ते ओझे डोक्यावर घेऊन नाचायचे असते. दुसरी तऱ्हा कागदाची. मातीचा साचा करावा, त्यावर कागद आणि जुने कापड खळीने थरावर थर चिकटवीत जावे, वाळल्यावर साचा सोडवून रंग द्यावा. यात न समजण्यासारखे काही नाही. पाहून पाहून कोणताही हुशार मुलगा आठवड्याभरात ओबडधोबड मुखवटा करील. खरी विद्या पुढे आहे. मुखवट्याला बाहेरून मोठे डोळे रंगवलेले असतात, पण आतल्या माणसाला दिसते ते लहानशा भोकांतून. टेंभ्यांचा धूर, डोक्यावर ओझे, तोंडावर घाम. पुढचे दिसत नाही, बाजूचे तर नाहीच. म्हणून सोंग डोळ्यांनी नाचता येत नाही. पावले पायांना पाठ असावी लागतात, आणि संबळवाल्याने कोणत्या ठेक्याला वळवायचे हे कानाला पाठ असावे लागते. ही विद्या मुलगा बापाच्या मागे रिंगणात फिरून घेतो. तिची वही नाही.

जळगावकरांना हे समजावयास कठीण जाऊ नये. १८७२ पासून जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. तो प्रचंड रथ वळवितात आणि थांबवितात तो चाकाखाली मोगरी लावून. मोगरी लावणारा क्षणभर चुकला तर अनर्थ होईल. ती माणसे हे कोणत्या शाळेत शिकली? जुन्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून, वर्षानुवर्षे त्याच्या शेजारी चालून. भोवाड्याचे शिक्षण याच जातीचे आहे. फरक एवढाच की रथ शहरात आहे आणि त्याच्या दिवशी माणसे गावात असतात.

माणसे गावात असतात का, हा प्रश्न या डोंगराच्या इतिहासात पुनःपुन्हा आला आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. १८४२ पासून त्यांनी डांगच्या राजांकडून जंगलाचे पट्टे घेतले. सागाच्या लाकडावर त्यांचा डोळा होता, आणि तो कारभार पुष्कळ काळ खानदेशच्या कलेक्टराकडे होता. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगल आले, आणि जे झाड आजोबाने न विचारता तोडले त्यासाठी नातवाला गार्डापुढे उभे राहावे लागले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० साली राज्यांची वाटणी होऊन डांग गुजरातेत गेला. सोयरीक सीमेच्या दोन्ही बाजूंना तशीच राहिली. या सर्व फेरबदलांतून भोवाडा टिकला. कागदावरच्या सीमेने तो मोडला नाही. लाकूड मिळेना तिथे पुष्कळांनी कागद धरला.

त्याला खरा धक्का बसला तो कोयत्याचा. दक्षिण गुजरातेत साखर कारखाने वाढले तसा साक्री-नवापूरच्या डोंगरातला मजूर ऊसतोडीला जाऊ लागला. नवराबायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ असेच म्हणतात; माणसाला हत्याराचे नाव. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळीच्या सुमारास ट्रक भरतात, आणि परत येणे होते ते चैत्र-वैशाखात, कारखाना बंद होईल तेव्हा. आता हे वेळापत्रक भोवाड्याच्या वेळापत्रकाशेजारी मांडून पाहा. ज्या महिन्यांत मुखवटे माळ्यावरून काढून रंगवायचे, पोरांना पावले शिकवायची, त्याच महिन्यांत बाप आणि पोर सुरतेकडच्या उसाच्या फडात पाचटाच्या खोपीत असतात.

आता माझी चूक. १९९९ च्या सुमारास मी या मजुरांत काम करीत होतो. टनामागे दर वाढवून मागणे आणि उचलीचा हिशेब लेखी मागणे, ही आमची दोन कलमे. एका गावावर उचलीचे कर्ज फार चढले होते. तिथल्या सभेत मी उभा राहिलो आणि अभ्यासू कार्यकर्त्याला शोभेल अशा रीतीने पाटीवर हिशेब मांडला. भोवाड्याची वर्गणी इतकी, तेल इतके, वाजंत्र्यांची सुपारी इतकी, आणि भोवाड्यासाठी लवकर परतल्यामुळे बुडालेले दिवस इतके. बेरीज करून सांगितले की तीन वर्षे हा खर्च थांबवाल तर निम्मे कर्ज फिटेल. गावातले म्हातारे, मुखवटे ज्यांच्या माळ्यावर असत ते, मला म्हणाले, “भाऊ, हाई सोंग मन्हं नही, गावनं शे.” सोंग माझे नाही, गावाचे आहे, बंद करायचे तर गावाने करावे. मी त्याचा अर्थ सोयीचा घेतला आणि गावाकडून हात वर करून घेतले.

माझा हिशेब चुकला नव्हता. तीन वर्षे भोवाडा झाला नाही आणि कर्ज पुष्कळसे फिटले. पण तिसऱ्या पावसाळ्यात ते म्हातारे वारले. चौथ्या वर्षी गावाने मोठ्या हौसेने पुन्हा भोवाडा मांडला आणि मला पाहुणा म्हणून बोलावले. गणपती आला, शारदा आली, मारुती आला. मध्यरात्री वेताळाचे सोंग आले. मुखवटा नव्याने रंगवलेला, पोरगा उमदा. तो रिंगणात येऊन उभा राहिला. संबळवाला त्याच्या पावलाची वाट पाहू लागला आणि तो संबळाची. कोणालाच पुढचे ठाऊक नव्हते. थोडा वेळ तसाच गेला. मग ते सोंग वळले आणि परत गेले. लोक हसले नाहीत. एखाद्या घरी निरोप पोचावा तसे सारे गप्प बसून राहिले. मी पुढच्याच रांगेत, मानाच्या सतरंजीवर होतो.

त्या रात्री मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. माझ्या प्रत्येक भाषणात मी त्यांचे नाव घेत आलो होतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ साली मागण्यांचा अर्ज केला आणि झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार. सहा दिवस धन्याचे काम केल्यावर एक दिवस माणसाला आपल्या देवासाठी आणि आपल्या समाजासाठी मिळावा, हा त्या मागणीचा आशय. म्हणजे आमच्या चळवळीच्या मुळाशी मजुरीइतकीच सवडीची मागणी आहे. आणि मी, लोखंड्यांचे नाव घेणारा, एका गावाची सवड त्याच्याच हातून मुकादमाच्या वहीत जमा करून आलो होतो.

आमच्या चळवळीला कलेचे वावडे होते असेही नाही. सत्यशोधकांचे जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक, सेवादलाचे कलापथक, हा वारसा थोर आहे. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी याच वारशाचे. पण आम्ही कार्यकर्त्यांनी पुढे कला म्हणजे प्रचाराचे साधन एवढाच अर्थ लावला. जे गाणे आमचा निरोप पोचवील ते आमचे; जे पोचवणार नाही ती अंधश्रद्धा नाही तर उधळपट्टी. भोवाड्यात जुनाट गोष्टी आहेत, हे मी आजही नाकारत नाही. सोंगांचा मान घराण्यात बांधलेला असतो आणि बाईला रिंगणात जागा नाही. त्यावर बोलले पाहिजे. पण ज्याने बोलायचे त्याने आधी ऐकले पाहिजे.

आणि गंमत अशी, की वेताळाची पावले गावाला परत मिळाली ती बाईकडूनच. त्या म्हाताऱ्यांची बहीण सीमेपलीकडे डांगात दिलेली होती. कोणी तरी तिला घेऊन आले. आयुष्यात तिने मुखवटा डोक्यावर घेतलेला नव्हता. लहानपणी रिंगणाबाहेर बसून बापाला आणि भावाला पाहिलेले, तेवढेच भांडवल. भोवाड्याच्या दिवसांखेरीज मुखवटा बाहेर काढायचा नाही ही गावाची रीत. म्हणून आजीने पोराच्या तोंडापुढे सूप धरायला लावले, म्हणजे त्याला पुढचे दिसू नये, आणि जमिनीवर हात आपटून ठेका देत चार दिवस अंगणात त्याला फिरवले. मला कळावे म्हणून ती अहिराणीत म्हणाली, “पाय चुकना, ते सोंग चुकनं.” पावले आली. गाण्याचा काही भाग तिलाही आठवेना. तो गेला तो गेलाच.

त्यानंतर आमच्या मागण्यांत एक कलम वाढले. उचलीच्या कागदावर दर आणि टन यांच्याबरोबर परतीची तारीखही लिहावी, आणि ती गावच्या भोवाड्याआधी निदान दहा दिवस असावी. मुकादम हसले. आमच्यातलेही काही हसले. पहिल्या वर्षी दोनच टोळ्यांना ते मिळाले. पण त्या दोन टोळ्यांच्या गावांत पोरे वेळेवर घरी आली आणि अंगणात सूप फिरले.

मंडळी, कला जतन करण्याच्या आपल्या कल्पना बहुधा वस्तूंच्या असतात. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्यांच्या मृत्यूनंतर लगेच, १९२७ साली, या गावाने त्यांचा कागदपत्रांचा संग्रह सांभाळण्यासाठी ते उभे केले. ही आपल्या शहराची पुण्याई आहे. पण कागद जपला की त्यातला मजकूर जपला जातो. मुखवट्याचे तसे नाही. तो काचेच्या कपाटात ठेवला तर वाळवीपासून वाचेल, पण त्याची पावले कपाटात मावत नाहीत. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत हे जाणून आहेत. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि चित्रकथी या त्यांच्या कला. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय त्यांना होता, तो गेला. तेथील परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभारले, पण त्याबरोबर शिकवणेही चालू ठेवले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गोठ्याचे कौतुक पुष्कळ झाले. माझ्या मते कौतुक शिकवणीचे व्हावयास हवे होते.

परदेशातलाही एक दाखला देतो. पीटर शूमान यांनी १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘ब्रेड अँड पपेट’ नावाची मंडळी काढली, ती पुढे व्हरमाँटच्या खेड्यात गेली. कागद, खळ, जुने कापड यांचे प्रचंड मुखवटे आणि बाहुल्या. करणारे आणि नाचवणारे बहुतेक आसपासचे लोक. आणि प्रेक्षकांना घरी भाजलेली भाकर वाटायची. भाकरीइतकीच कला गरजेची आहे, असे त्यांचे म्हणणे. आपल्या डोंगरात हे कोणी सिद्धांत म्हणून मांडले नाही. भोवाड्याला आलेल्या पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाहीत, एवढेच.

शहरातल्या आपण लोकांनी काय करावे? दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्रात, १९७९ साली ते निघाले, देशभरच्या शिक्षकांना बाहुल्या करण्याचे आणि त्यांतून शिकवण्याचे शिक्षण दिले जाते. आपल्या शाळांतही उन्हाळी वर्गात कागदी मुखवटे होतात. चांगली गोष्ट आहे. पण त्या वर्गाला शिकवायला डोंगरातला मनुष्य बोलवावा, आणि बोलवाल तेव्हा शाल-नारळावर त्याची बोळवण न करता गवंड्याला, सुताराला देतो तशी दिवसाची मजुरी त्याच्या हातात ठेवावी. शिकवणे हे काम आहे. दुसरे, भोवाडा पाहायला जावे तर पहाटेपर्यंत बसावे. दोन सोंगे पाहून, फोटो काढून, मोटारीने परतणाऱ्या पाहुण्याचा गावाला काही उपयोग नाही. तिसरे, ऊसतोड मजुराने परतीच्या तारखेसाठी तोंड उघडले तर ‘यांना नाचायला सुट्टी हवी’ असे म्हणून हसू नये. आपल्या रविवारची सुट्टीही कोणी तरी हसे सोसून मिळवलेली आहे.

वेताळाचे ते सोंग मी गेल्या भोवाड्यात पुन्हा पाहिले. त्या वेळचा पोरगा आता बाप्या झाला आहे, आणि त्याचा मुलगा त्याच्या मागे, मुखवट्यावाचून, पावले टाकीत रिंगणात फिरत होता. मधला गेलेला भाग आला की संबळवाला नुसताच ठेका देतो, गाणे नाही. तेवढा वेळ मी खाली पाहतो. गावाने त्याबद्दल मला कधी बोल लावलेला नाही. सतरंजी मात्र मी आता घेत नाही, जमिनीवर बसतो.